लिपोसोमद्वारे जनुकोपचार : वहनाची समस्या

सप्टेंबर 1999 मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया या शहरी जेसी गेलसिंगर या अठरा वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. त्याच्या यकृतात एका विकराची कमतरता होती. त्यामुळे प्रथिनांच्या पचनातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे युरियात रूपांतर पूर्णपणे होत नसे. पथ्य व औषधे यांच्या आधारे त्याचे आयुष्य चालू होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एका प्रयोगात तो स्वेच्छेने सहभागी झाला. निर्दोष जनुक ॲडिनोव्हायरस या विषाणूत घालून त्याच्या यकृताच्या रोहिणीत सोडण्यात आले. चार दिवसांनी, 17 सप्टेंबर रोजी, शरीराच्या प्रतिकारयंत्रणेच्या भीषण प्रतिक्रियेमुळे एकामागून एक अवयव निकामी होऊन त्याचा अंत झाला. जे जनुक त्याला द्यावयाचे होते त्यात काही दोष नव्हता. ज्या वाहनातून ते पाठविले गेले त्या वाहनाने घात केला.

जनुकोपचाराच्या इतिहासातील मूळ प्रश्न या घटनेत सामावलेला आहे. सदोष जनुकाची जागा घेऊ शकेल असे निर्दोष जनुक तयार करणे 1990 च्या दशकातच शक्य झाले होते. ते योग्य पेशीत, योग्य प्रमाणात आणि रुग्णाला इजा न करता पोहोचवावयाचे कसे, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. विषाणूंना पर्याय म्हणून ज्या वाहकाकडे संशोधक आशेने पाहत होते तो म्हणजे लिपोसोम. त्याचे स्वरूप, त्याच्या मार्गातील अडथळे आणि त्यांवर शोधले गेलेले उपाय यांचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

लिपोसोम म्हणजे काय?

'लिपोस' म्हणजे मेद आणि 'सोमा' म्हणजे देह या दोन ग्रीक शब्दांपासून ही संज्ञा सिद्ध झाली आहे. मराठीत तिला 'मेदपुटिका' म्हणता येईल. पेशीच्या पटलात असणाऱ्या फॉस्फोलिपिड नावाच्या मेदरेणूला एक जलस्नेही डोके आणि दोन जलविरोधी शेपट्या असतात. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले की ते आपोआप दुपदरी पडद्यात रचले जातात. डोकी पाण्याकडे आणि शेपट्या आतल्या बाजूला, अशी ही रचना असते. हा पडदा स्वतःभोवती मिटून सूक्ष्म गोलक बनतो व त्याच्या पोकळीत थोडे पाणी अडकून राहते. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळील बाब्रहम येथील संस्थेत ॲलेक बँगहॅम यांनी 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही रचना पाहिली. आरंभी सहकारी विनोदाने या गोलकांना 'बँगोसोम' म्हणत. पुढे 'लिपोसोम' हे नाव रूढ झाले.

निसर्गाने पेशीसाठी वापरलेलीच भिंत मानवाला हाताने बांधता येते, हे लक्षात येताच तिच्या पोकळीतून औषध पाठविण्याची कल्पना पुढे आली. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगविरोधी औषध लिपोसोमच्या रूपात 1995 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. अँफोटेरिसिन-बी या बुरशीनाशकाचे लिपोसोमयुक्त रूप तर भारतीय रुग्णांच्या चांगल्या परिचयाचे आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठातील डॉ. बी. के. बच्छावत यांच्या सहकार्यातून त्याचे भारतीय रूप विकसित झाले. बिहारमधील काळा आजाराच्या रुग्णांना या औषधाची एकच मात्रा पुरेशी ठरते, हे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसची साथ आली, तेव्हा महाराष्ट्रातील रुग्णांचे नातेवाईक ज्या इंजेक्शनसाठी गावोगाव वणवण करीत होते ते हेच होय.

औषध आणि जनुक यांतील भेद

येथे एक शंका संभवते. मेदपुटिकेतून औषध जाऊ शकते, तर जनुक का जाऊ नये? तिचे उत्तर दोहोंच्या आकारमानात व गंतव्यस्थानात आहे. डॉक्सोरुबिसिनचा रेणू लहान असतो. पुटिकेतून सुटल्यावर तो पेशीचे पटल स्वतःच पार करतो. याउलट जनुक वाहून नेणारा प्लाझ्मिड हा डीएनएचा बंद वेढा हजारो अक्षर-जोड्यांचा असतो. त्याच्या फॉस्फेट-कण्यावर ऋण विद्युत्‌भार असतो, आणि पेशीच्या पृष्ठभागावरही ऋणभारच असल्याने दोघे परस्परांना दूर लोटतात. शिवाय रक्तातील विकरे उघड्या डीएनएचे अल्पावधीत तुकडे करतात. औषध नुसते पेशीत शिरले तरी बहुधा काम भागते. जनुकाला मात्र पेशीच्या केंद्रकापर्यंत अखंड पोहोचावे लागते.

या अडचणीवरचा पहिला मोठा उपाय 1987 मध्ये फिलिप फेल्गनर व सहकाऱ्यांनी मांडला. त्यांनी धनभारित मेदरेणू कृत्रिमरीत्या तयार केला. असे धनभारित लिपोसोम ऋणभारित डीएनएशी मिसळताच विद्युत्‌-आकर्षणाने दोहोंचा घट्ट संयोग होतो व डीएनए विकरांपासून झाकला जातो. संयोगावर थोडा धनभार शिल्लक राहिला, तर तो पेशीच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटतो आणि पेशी त्याला गिळून घेते. प्रयोगशाळेतील पेशींमध्ये जनुक घालण्याची ही रीत जगभर रुळली. हैदराबाद येथील भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था यांतही नव्या धनभारित मेदरेणूंच्या रचनेवर भरीव काम झाले.

1993 मध्ये मिशिगन विद्यापीठातील गॅरी नाबेल व सहकाऱ्यांनी त्वचेच्या कर्करोगाच्या पाच रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी डीएनए-लिपोसोम संयोग थेट गाठीतच टोचला होता. पद्धती सुरक्षित असल्याचे दिसले. परंतु काचपात्रातील पेशी आणि जिवंत देह यांतील अंतर किती मोठे आहे, याची जाणीव यानंतरच्या काळात होत गेली.

मार्गावरील अडथळे

पहिला अडथळा रक्तातच उभा असतो. ज्या धनभारामुळे पेशीत प्रवेश सुकर होतो, तोच रक्तात शिरताच बाधक ठरतो. रक्तद्रवातील ऋणभारित प्रथिने संयोगाला वेढतात. कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके बनतात. शिरेतून दिलेले हे पुंजके फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकतात, उरलेले यकृतातील व प्लीहेतील भक्षकपेशी टिपून घेतात. मात्रा वाढवावी तर धनभारित मेद पेशींना विषारी ठरतो. काचपात्रात जो गुण होता तो देहात दोष झाला.

यावर उपाय म्हणून कणाभोवती पॉलिएथिलीन ग्लायकॉल या बहुवारिकाचे पाणीदार कवच चढविण्यात आले. त्यामुळे प्रथिने दूर राहून कण अधिक काळ रक्तात फिरू लागले. पण ज्या कवचामुळे भक्षकपेशी फसतात त्याच कवचामुळे लक्ष्य पेशीही कणाला ओळखेनाशी होते. शिवाय काही व्यक्तींच्या शरीरात या कवचाविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढील मात्रा त्वरेने नष्ट केली जाते. यास्तव ठरावीक वेळाने गळून पडेल असे कवच योजावे लागले.

दुसरा अडथळा पेशीच्या आत आहे आणि तो सर्वांत कठीण मानला जातो. पेशी कणाला गिळते तेव्हा त्याला स्वतःच्याच पटलाच्या पिशवीत बंद करून घेते. या अंतःपुटिकेतील द्रव उत्तरोत्तर अम्ल होत जातो. रक्ताचा सामू 7.4 असतो, तो येथे 6 च्या आसपास व पुढे 5 पर्यंत उतरतो. अखेरीस पुटिका विघटनाचे काम करणाऱ्या लयकारिकेला मिळते आणि आतील सर्व ऐवज पचून जातो. म्हणजे पेशीत शिरणे पुरेसे नाही. या पिशवीतून वेळेत निसटणे आवश्यक असते. मेदकणांतून पाठविलेल्या लघु आरएनएचा मागोवा घेणाऱ्या 2013 च्या एका अभ्यासात पेशीत शिरलेल्या ऐवजापैकी केवळ 1 ते 2 टक्के भाग या पिशवीतून निसटल्याचे आढळले. शंभर पत्रे टपालात टाकावीत आणि एक-दोनच घराच्या दारातून आत पडावीत, तसा हा प्रकार आहे.

तिसरा अडथळा केंद्रकाचा. पेशीद्रवात सुटलेला डीएनए दाट गर्दीत अडकतो आणि तेथील विकरे त्याचे तुकडे करू लागतात. केंद्रकाच्या पटलावरील छिद्रांतून लहान रेणू सहज जातात. हजारो अक्षर-जोड्यांचा प्लाझ्मिड जात नाही. पेशीचे विभाजन होताना केंद्रकपटल तात्पुरते विरते, तेव्हा त्याला संधी मिळते. प्रयोगशाळेतील पेशी झपाट्याने विभागतात, म्हणून तेथे यश दिसते. स्नायू, मेंदू वा फुप्फुसातील प्रौढ पेशी क्वचितच विभागतात.

चौथा अडथळा प्रतिकारयंत्रणेचा. प्लाझ्मिड जीवाणूंमध्ये वाढविला जातो. जीवाणूंच्या डीएनएत काही अक्षर-जोड्या मिथिल गटाविना असतात आणि मानवी पेशी या खुणेवरून परका डीएनए ओळखते. पेशीद्रवात भटकणारा डीएनएही धोक्याचा संकेत मानला जातो. परिणामी ताप, अंगदुखी व दाह उद्भवतो.

एका रोगाची साक्ष

हे अडथळे एकत्रितपणे कसे आड येतात, याचे बोलके उदाहरण सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाच्या संदर्भात मिळते. सीएफटीआर या जनुकातील दोषामुळे फुप्फुसातील स्राव घट्ट होतो, वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि श्वसनक्षमता घटत जाते. 1989 मध्ये हे जनुक सापडले तेव्हा जनुकोपचारासाठी हाच रोग सर्वांत अनुकूल आहे असे वाटले होते. एकाच जनुकाचा दोष आणि श्वासावाटे थेट पोहोचता येण्याजोगा अवयव, असा दुहेरी लाभ येथे होता.

1995 मध्ये लंडनमधील संशोधकांनी रुग्णांच्या नाकाच्या अस्तरावर लिपोसोममधून हे जनुक सोडले. दोष अंशतः, सुमारे 20 टक्क्यांपर्यंत भरून निघाल्याचे दिसले. मात्र आठवड्याभरात परिणाम ओसरला. 1999 मध्ये फुप्फुसांत फवाऱ्याने मात्रा दिली गेली, तेव्हा बहुतेक रुग्णांना तापासारखी लक्षणे जाणवली. जीवाणू-डीएनएच्या खुणा हा त्यामागील संशयित होता. म्हणून त्या खुणा पूर्णपणे वगळलेला नवा प्लाझ्मिड तयार करण्यात आला. दर महिन्याला एक मात्रा याप्रमाणे वर्षभर चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. 116 रुग्णांच्या विश्लेषणात, औषध मिळालेल्या व न मिळालेल्या गटांच्या श्वसनक्षमतेत 3.7 टक्क्यांचा फरक आढळला. फरक खरा होता, पण माफक होता. क्षमता सुधारण्यापेक्षा तिची घसरण थांबली, एवढेच म्हणता आले.

या रोगात घट्ट स्राव हाच भिंत बनतो. कण पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच त्यात रुततात. अस्तराच्या पेशी कालांतराने झडून जातात, म्हणून मात्रा पुनःपुन्हा द्यावी लागते. पुढे याच गटाने विषाणूवर आधारित वाहकाकडे लक्ष वळविले. दरम्यान 2012 पासून दोषयुक्त प्रथिनाचेच कार्य सुधारणाऱ्या गोळ्या उपलब्ध झाल्या आणि अनेक रुग्णांचे जीवन पालटले. जनुक सापडल्यानंतर पाव शतक चाललेल्या या खटाटोपाचे फळ असे तुटपुंजे निघाले.

भाराची किल्ली

कोंडी फुटली ती दोन बदलांमुळे. पहिला बदल मेदरेणूचा. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे पीटर कलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मेदरेणू विकसित केले की जे रक्ताच्या सामूला जवळजवळ उदासीन असतात आणि अम्ल वातावरणात धनभारित होतात. रक्तात भार नसल्याने प्रथिने चिकटून पुंजके होत नाहीत. अंतःपुटिकेत अम्लता वाढली की रेणूवर भार येतो, तो पुटिकेच्या ऋणभारित मेदांशी जोडी जमवितो व पटलाची दुपदरी घडी विस्कटते. आतला ऐवज बाहेर पडतो. पेशीने नाशासाठी योजलेली अम्लता येथे सुटकेची किल्ली ठरली.

अशा कणांना आज मेद-नॅनोकण म्हणतात. लिपोसोमचे हे वंशज होत. मात्र त्यांच्या पोटात पाण्याची एक पोकळी नसून मेद व न्यूक्लिइक आम्ल यांचे दाट मिश्रण असते. भार बदलणारा मेद, फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि कवचधारी मेद अशा चार घटकांनी ते बनतात.

दुसरा बदल ऐवजाचा. डीएनएऐवजी आरएनए पाठविला तर केंद्रकात शिरण्याची गरजच उरत नाही. त्याचे कार्य पेशीद्रवातच चालते. तिसरा अडथळा अशा रीतीने ओलांडला न जाता टाळला गेला. ऑगस्ट 2018 मध्ये पॅटिसिरॅन हे पहिले औषध या मार्गाने मान्य झाले. ट्रान्सथायरेटिन या प्रथिनाच्या दोषातून उद्भवणाऱ्या आनुवंशिक अमायलॉइडोसिसमध्ये ते यकृतातील त्या प्रथिनाचे उत्पादन रोखते. तरीही दर तीन आठवड्यांनी शिरेतून देताना आधी स्टेरॉइड व अन्य औषधे द्यावी लागतात, हे ध्यानात घ्यावे लागते. डिसेंबर 2020 पासून कोट्यवधी लोकांना दिल्या गेलेल्या कोविडविरोधी संदेशवाहक आरएनए लसीही याच कणांवर आधारलेल्या होत्या. त्यांपैकी एक लस उणे 70 अंश सेल्सियसच्या आसपास साठवावी लागे, आणि भारतासारख्या देशात वितरणाची अडचण किती मोठी असते हे त्यातून दिसून आले. पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सच्या लसीला जून 2022 मध्ये आपत्कालीन मान्यता मिळाली; मेदाच्या वेगळ्या रचनेमुळे ती 2 ते 8 अंशांवर, म्हणजे साध्या शीतकपाटात, टिकते.

यकृताची वाट आणि इतर अवयव

या यशामागील एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. शिरेतून दिलेल्या मेद-नॅनोकणांवरील कवच गळताच रक्तातील अपोलिपोप्रोटीन-ई हे प्रथिन त्यांना चिकटते. हे प्रथिन म्हणजे कोलेस्टेरॉलच्या नैसर्गिक कणांवरील पत्ता होय आणि तो पत्ता यकृताचा असतो. यकृताच्या पेशी त्यांना आपलेच समजून आत घेतात. म्हणजे आजवरचे यश मुख्यतः तेथेच लाभले आहे, जेथे शरीर स्वतःच मेद वाहून नेते. फुप्फुस, स्नायू, मेंदू व अस्थिमज्जा यांची वाट अद्याप बिकट आहे. डॅलस येथील डॅनियल सीगवर्ट यांच्या गटाने 2020 मध्ये कणांत पाचवा घटक मिसळून उंदरांच्या फुप्फुसांकडे वा प्लीहेकडे ते वळविता येतात असे दाखविले; परंतु उंदीर आणि मनुष्य यांतील अंतर या क्षेत्राने यापूर्वीही अनुभवलेले आहे.

भारताच्या दृष्टीने अस्थिमज्जेचा प्रश्न कळीचा ठरतो. विदर्भ, नंदुरबार आणि मध्य भारताचा आदिवासी पट्टा येथे सिकलसेल हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. 2023 मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्य झालेल्या जनुक-संपादन उपचारात रुग्णाच्या मूलपेशी बाहेर काढून, प्रयोगशाळेत बदलून, तीव्र रसायनांनी मज्जा रिकामी करून परत घालतात. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर ठरली. गडचिरोलीच्या एखाद्या पाड्यावरील मुलापर्यंत असा उपचार पोहोचणे दुरापास्त आहे. एका इंजेक्शनातून मज्जेपर्यंत जाणारा मेदकण मात्र पोहोचू शकेल. 2023 मध्ये उंदरांत असे कण मज्जेतील मूलपेशींपर्यंत नेण्यात यश आले, ते याच कारणाने महत्त्वाचे ठरते.

सावधगिरीची गरजही संपलेली नाही. 2021 मध्ये मेदकणांतून जनुक-संपादनाची साधने यकृतात पाठवून ट्रान्सथायरेटिनचे प्रमाण अधिक मात्रेच्या गटात सरासरी 87 टक्क्यांनी घटविता आले. याच उपचाराच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांत ऑक्टोबर 2025 मध्ये एका रुग्णाच्या यकृताला गंभीर इजा झाल्याचे आढळले आणि मात्रा देणे थांबवावे लागले.

समारोप

फेब्रुवारी 2025 मध्ये फिलाडेल्फियातच सुमारे सात महिन्यांच्या एका बालकाला एक औषध देण्यात आले. जन्मतः त्याच्यातही अमोनियाचे युरियात रूपांतर करणाऱ्या विकर-साखळीतील एक दुवा सदोष होता. गेलसिंगरच्या सदोष दुव्याच्या अगदी अलीकडचा. त्या बालकाच्या जनुकातील एका अक्षराची चूक दुरुस्त करणारे साधन केवळ त्याच्यासाठी काही महिन्यांत तयार करण्यात आले आणि मेद-नॅनोकणांतून यकृतात पाठविले गेले. विषाणू-वाहकाविरुद्ध पहिल्या मात्रेनंतरच प्रतिपिंडे तयार होत असल्याने दुसरी मात्रा सहसा देता येत नाही. येथे मात्र तीन मात्रा देता आल्या. बालक अधिक प्रथिने पचवू लागले व त्याचे औषध निम्म्यावर आणता आले. हा पूर्ण बरेपणा आहे असा दावा संशोधकांनी केलेला नाही.

एकच शहर, एकाच साखळीतील दोन रोग आणि मध्ये पंचवीस वर्षे. या पंचवीस वर्षांत बदलले ते दोन्ही : पाठवावयाचा मजकूर अधिक नेमका झाला आणि तो नेणारे वाहन अधिक निरुपद्रवी झाले. तथापि हे वाहन आजही प्रामुख्याने एकाच मुक्कामी जाते. यकृताच्या पलीकडील मुक्काम गाठणे, पिशवीतून निसटणारा एक-दोन टक्के हा वाटा वाढविणे आणि साध्या शीतकपाटात टिकेल व सामान्य रुग्णाला परवडेल असा कण घडविणे, ही तीन कामे पुढील पिढीच्या संशोधकांपुढे आहेत. त्यांतील शेवटचे काम भारतीय प्रयोगशाळांनी स्वतःचे मानावे, अशी परिस्थितीची मागणी आहे.